मदत हवी आहे: थर स्वतंत्र असतील, तर टीसीपीला खालच्या थराच्या ८ बाइटांचा फटका का बसतो?

नमस्कार. मी अंबाजोगाईत पदवीच्या विद्यार्थ्यांना संगणक नेटवर्क शिकवतो. थरांची कल्पना समजावताना लातूरच्या मोंढ्याचे उदाहरण देतो: पोत्यात तूर आहे की सोयाबीन याच्याशी हमालाला घेणेदेणे नसते आणि ते कोणत्या टेम्पोतून जाणार हे पोते भरणाऱ्याला विचारावे लागत नाही. टीसीपी (माहिती पूर्ण आणि क्रमाने पोहोचवणारा थर), आयपी (पॅकेटला वाट दाखवणारा थर) आणि ईथरनेट (प्रत्यक्ष तारेवरचा थर) यांचे नाते असेच आहे, असे मी आजवर सांगत आलो.

घरच्या फायबर जोडणीवर नवा राउटर बसवल्यापासून मात्र पिंग (पलीकडून उत्तर येते का हे पाहणारी चाचणी) चालतो, डीएनएसचे (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेचे) उत्तर येते, टीसीपीची जोडणीही होते, पण काही संकेतस्थळांची पाने अर्ध्यावर अडकतात. 'तुकडे करू नयेत' ही खूण लावून पिंगचे माप वाढवत गेलो, तेव्हा १४६४ बाइटपर्यंत उत्तर आले आणि त्यापुढे थांबले. त्यात आयसीएमपीच्या (पिंग आणि चुकीचे निरोप नेणाऱ्या प्रोटोकॉलच्या) हेडरचे, म्हणजे पॅकेटच्या सुरुवातीला जोडलेल्या माहितीचे, ८ आणि आयपीच्या हेडरचे २० मिळवले की १४९२ होतात. जोडणी पीपीपीओईची (ईथरनेटवरून पुरवठादाराकडे लॉगिन करण्याच्या पद्धतीची) असल्यामुळे ईथरनेट एका वेळी नेऊ शकते त्या कमाल १५०० पैकी ८ बाइट तिच्या हेडरमध्ये जातात, एवढा हिशेब लागला. पण राउटरच्या पलीकडे पीपीपीओई आहे हे माझ्या संगणकाला ठाऊक असण्याची गरजच नसावी. मग टीसीपी का अडते, आणि तेही काहीच संकेतस्थळांवर का? उपायापेक्षा मला कारण हवे आहे, कारण सोमवारी हाच धडा वर्गात आहे आणि अर्धवट समजलेली गोष्ट मुलांपुढे ठेवणे मला पटत नाही.

प्रतिसाद:

सर, तुमचा हिशेब बरोबर आहे. टीसीपीची जोडणी होताना तुमचा संगणक स्वतःच्या ईथरनेटकडे पाहून १५०० मधून आयपीचे २० आणि टीसीपीचे २० वजा करतो व समोरच्याला १४६० हे माप (एमएसएस, म्हणजे एका पॅकेटातल्या टीसीपी माहितीची कमाल लांबी) कळवतो. वाटेतला १४९२चा टप्पा त्याला दिसत नाही. सर्व्हर त्या भरवशावर १५०० बाइटांचे पॅकेट पाठवतो. त्यावर तुकडे न करण्याची खूण असल्यामुळे पुरवठादाराकडचा राउटर ते टाकून देतो आणि 'पॅकेट मोठे आहे' असा आयसीएमपी निरोप सर्व्हरकडे धाडतो. ही पद्धत १९९०च्या आरएफसी ११९१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजामध्ये मांडलेली आहे. ज्या सर्व्हरपुढच्या फायरवॉलने सगळेच आयसीएमपी अडवलेले असते, त्याला हा निरोप मिळत नाही आणि तो तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. साधे पिंग आणि जोडणीची पॅकेटे लहान असतात, म्हणून ती पार होतात.

राउटरमध्ये एमएसएस क्लॅम्पिंग (हे माप कमी करण्याची सोय) सुरू करा, म्हणजे तो जोडणीच्या पहिल्या पॅकेटातले १४६० बदलून १४५२ करील. आयपीच्या थरावरच्या राउटरने टीसीपीच्या हेडरमध्ये हात घालणे थरांच्या शिस्तीत बसत नाही. हेही मुलांना जरूर सांगा.

मूळ प्रश्नकर्ता:

मनःपूर्वक आभार. क्लॅम्पिंग सुरू करताच अडलेली पाने उघडली. आता एकच शंका उरते: आयपीव्ही६ मध्ये (आयपीच्या नव्या आवृत्तीत) वाटेतले राउटर पॅकेटचे तुकडे करीतच नाहीत, तर तिथे हा निरोप अडवणाऱ्या फायरवॉलपुढे सर्व्हरने १२८० बाइटांवरच, म्हणजे आयपीव्ही६च्या प्रत्येक जोडणीने न्यायलाच हव्या अशा किमान मापावरच, राहावे का?