मानशीचं दार कोणाच्या ताब्यात असावं? (लेकीच्या हॉलंडवारीनंतर पडलेला प्रश्न)

चोडणचा_मास्तर

नमस्कार मंडळी. प्रश्न गोव्यातल्या खाजन शेतीचा आहे, म्हणजे खाऱ्या नदीकाठी बांध घालून राखलेल्या शेतांचा. त्या बांधातलं पाण्याचं दार म्हणजे मानशी. पण सुरुवात लांबून करतो.

माझी लेक सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या गटाबरोबर बारा दिवस नेदरलँड्सला जाऊन आली. जाताना बॅगेत आईने एक किलो उकडे तांदूळ आणि सोलं कोंबली. मला वाटलं, आता रोज पवनचक्क्यांचे फोटो येणार. आले, नाही असं नाही. किंडरडाइकच्या एकोणीस चक्क्या आमच्या घरच्या ग्रुपवर अजून फिरताहेत. मग रॉटरडॅमजवळचा मास्लांटचा दरवाजा. समुद्राला तुफान आलं की नदीचं तोंड बंद करणारी दोन प्रचंड दारं, एकेक आयफेल टॉवरएवढं लांब. १९९७ साली झालेलं काम. मी "वा वा" लिहिलं आणि विसरलो.

पाचव्या दिवशी फोन. मी रायबंदरहून फेरीबोटीत चढलो होतो. पलीकडून एकदम, "बाबा, आपल्या मानशीचं दार आत उघडतं की नदीकडे?"

चाळीस वर्षं त्या मानशीवरून चालतोय, तरी क्षणभर अडखळलो. मग डोळ्यांपुढे आणलं. ओहोटीला आतलं पाणी ढकलतं, दार नदीकडे उघडतं. भरती चढली की नदीचंच पाणी ते दाबून चौकटीवर बसवतं. माणूस लागत नाही, मोटार लागत नाही. इंजिनाच्या घरघरीत हे ओरडून सांगावं लागलं, शेजारचे स्कूटरवाले वळून बघायला लागले. ती म्हणाली, "मग बरोबर. मी आत्ता तशाच एका जुन्या दारासमोर उभी आहे."

त्यानंतर तिचे मेसेज बदलले. मला सगळ्यात लागला तो ऑस्टरस्केल्ड नावाच्या खाडीचा. १९५३ च्या फेब्रुवारीत एका रात्री समुद्र आत आला, त्या देशात १८३६ माणसं गेली. पुढे ती खाडी भक्कम धरण घालून कायमची बंद करायचं ठरलं. पण कालवं आणि शिंपल्यांवर पोट असलेले मच्छीमार उठले, निसर्गवालेही उठले. शेवटी धरणाच्या मोठ्या भागात ६२ पोलादी दारं बसवली. एरवी उघडी, भरती-ओहोटी चालू, फक्त तुफानात बंद. १९८६ साली पूर्ण झालं. "म्हणजे शेत आणि मासळी दोन्ही ठेवली, बाबा," एवढंच तिने लिहिलं होतं.

आता आमचं ऐका. मानशीवरच्या मासळीची दरवर्षी पावणी, म्हणजे लिलाव, होते. घेणारा पैसे मोजतो, मग त्याला मासळी पाहिजे. रात्री भरतीच्या वेळी दार दांडा लावून उघडं ठेवतात, खारं पाणी आत, त्याबरोबर सुंगटं (कोळंबी) आत. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी माझ्या कोरगुट भाताच्या दोन कुणग्यांत (वाफ्यांत) पाणी चढलं. कोरगुट खारं सोसतं हे खरं, पण सोसण्यालाही मर्यादा असते. सभेत बोललो तर "मास्तर, पावणीच्या पैशांतूनच बांध दुरुस्त होतो" हे उत्तर. तेही खोटं नाही.

तर विचारतो, तुमच्याकडे शेतवाले आणि पावणीवाले यांच्यात काही नियम ठरलेत का? आणि ते पाळले जातात का?

दिवाडीचा_बांध

मास्तर, आत की बाहेर हा प्रश्न मी माझ्या थोरल्याला विचारला तर तो मोबाइल काढेल.

आमच्या वाड्यावर पावणीच्या कागदातच लिहिलंय. पहिला पाऊस पडला की कापणी होईपर्यंत दाराला हात लावायचा नाही, जाळं फक्त ओहोटीला. डिपॉझिट आगाऊ. दार मोडलं किंवा दांडा सापडला तर डिपॉझिट गेलं. पहिल्या वर्षी एकाचं खरंच कापलं, तेव्हापासून बरं चाललंय. कागद महत्त्वाचा नाही, ते एकदा कापणं महत्त्वाचं.

पण दाराइतकंच कुर्ल्यांकडे (खेकड्यांकडे) बघा. अमावास्या-पुनवेच्या भरतीआधी बांधावरून एक फेरी मारायची, बिळं चिखलाने बुजवायची. बोटाएवढ्या बिळाची चार दिवसांत भगदाडं झालेली मी बघितलीत.

रॉटरडॅमची_म्हापशेकर

मुलीने मुद्द्याचं पकडलंय. अकरा वर्षं इथे आहे म्हणून थोडी भर. इथे पाण्याचं वेगळं मंडळ असतं, 'वाटरस्खाप'. देशात अशी २१ आहेत, त्यांची मुळं तेराव्या शतकातली. बांध, पंप, कालवे त्यांच्याकडे. त्यांचा कर वेगळा भरावा लागतो आणि दर चार वर्षांनी त्यांची निवडणूक. २०२३ च्या मार्चमध्ये झाली तेव्हा ऑफिसातल्या निम्म्यांना उमेदवार कोण ते माहीत नव्हतं, हेही सांगते. उगाच स्वर्ग नको.

भांडणं इथेही तुफान. शेतकऱ्याला पाणी खाली हवं, नाहीतर ट्रॅक्टर रुततो. पण पाणी उतरवलं की खालची पीटची, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची, जमीन वाळून खचते, जुन्या घरांचे लाकडी खुंट कुजतात. म्हणून पाण्याची पातळी किती ठेवायची त्याचा रीतसर ठराव होतो, हरकती ऐकतात. दिवाडीच्या भाऊंसाठी: तुमच्या कुर्ल्या, आमच्या इथे मस्करॅट. उंदराचा थोरला भाऊ, बांध पोखरतो. त्याला पकडायला मंडळाची पगारी माणसं आहेत!

फोंड्याचा_कुळागरी

सगळं ठीक. पण पाण्याचा वेगळा कर द्या म्हटलं तर आपल्या गावात कोण देणार? बांध फुटल्यावर आधी बांध बघायला जात नाहीत, आमदाराला फोन करतात.

चोडणचा_मास्तर

कुळागरीभाऊ, मीही फोनच केला होता. खोटं कशाला सांगू. दिवाडीभाऊ, त्या कागदाचा नमुना मिळेल का? नावं झाकून पाठवा.

मास्तरांची_लेक

बाबा, सभेआधी हे इथे लिहिलंत तेही मला काकूकडून कळलं! एक दुरुस्ती: दार २१० मीटरचं आहे. त्याला धरणारा पोलादी हात २३७ मीटरचा. दोन्ही आयफेलपेक्षा लहानच.

आणि उकडे तांदूळ मी एकटीने नाही खाल्ले. दुपारी रोज थंड पाव आणि चीज, तिसऱ्या दिवशी अख्खा गट माझ्या पेजेवर तुटून पडला.

काल बांधावर जाऊन आले. मानशीपासून वळणावरच्या माडापर्यंत ४१ बिळं मोजली, चुन्याने खुणा केल्यात. शनिवारी सकाळी ओहोटी आहे. पावणीवाल्या काकांनाही बोलावलंय, ते येतो म्हणाले. दोन खोरी लागतील, आपल्याकडच्या एकाचा दांडा निघालाय.