गेटबाहेरचा पदपथ आणि चार नगरसेवक (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

सचिव (ए-१०१): सर्वांना नमस्कार. गेटबाहेरच्या पदपथाचं काम सुरू झालंय, फलकही लागलाय. पुणे महापालिकेतले आपल्या प्रभागाचे चारही नगरसेवक आता निवडून आलेत. एखाद्या रविवारी त्यांना क्लब हाउसमध्ये बोलवावं असा कमिटीचा विचार आहे. कोणते विषय मांडायचे ते इथे लिहा.

बी-६०१: सचिवसाहेब, मनापासून विनंती आहे, सोसायटीत राजकारण नको. निवडणुकीत आधीच मनं दुखावली आहेत. नगरसेवक आले की मागून कार्यकर्ते, झेंडे, फोटो येणार. ग्रुपवर कुणी काही वेडंवाकडं लिहिलं तर अॅडमिन म्हणून तुम्हीच अडकाल.

सी-७०३: दादा, काळजी रास्त आहे, पण दोन गोष्टी वेगळ्या करूया. आधी अॅडमिनचं. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अॅडमिन आहे म्हणून कुणाला आरोपी करता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय. त्याचा आणि लिहिणाऱ्याचा समान हेतू दाखवावा लागतो. आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षा सांगणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ कलम तर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ लाच रद्द केलं. त्या खटल्याला निमित्त झालं ते २०१२ मध्ये आपल्याच पालघरला दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून झालेली अटक. धमकी, बदनामी, दोन समाजांत तेढ लावणं हे गुन्हे आजही आहेत, पण त्यात अडकतो तो लिहिणारा.

सी-७०३: आता राजकारणाचं. शांततेने एकत्र जमणं, बोलणं आणि संघटना करणं हे तिन्ही हक्क राज्यघटनेच्या कलम १९(१) मध्ये शेजारी शेजारी आहेत. २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने तिथे संघटनांच्या जोडीला सहकारी संस्थांचाही उल्लेख आला. पुढे २०२१ मध्ये त्या दुरुस्तीतला सहकारी संस्थांविषयीचा स्वतंत्र भाग राज्यांतल्या संस्थांपुरता रद्द झाला, कलम १९ मधला उल्लेख मात्र टिकला. आपली सोसायटी स्थापन करण्याचा आधारच तो हक्क आहे. गेटबाहेरच्या पदपथाबद्दल नगरसेवकाला जाब विचारायला आपण कचरत असू, तर तो हक्क कागदावरच राहतो.

बी-६०१: जाब विचारायला ना नाही ताई. पण सोसायटी एखाद्या पक्षाच्या दावणीला बांधली जाऊ नये.

सी-७०३: अगदी बरोबर. म्हणून कमिटीने आधी तीन ओळींचा ठराव करून नोंदवहीत लिहावा. सोसायटी कोणत्याही पक्षाला पाठिंबा देत नाही. बोलावणं चौघांनाही एकाच दिवशी, एकाच मजकुराचं. आवारात झेंडा, फलक, पत्रकवाटप नाही. चौघांपैकी दोघेच आले तरी सभा होईल, न आलेल्यांना इतिवृत्ताची प्रत जाईल. ठराव लेखी असला की आयत्या वेळी वाद होत नाही.

डी-२०४: पोलिसांची परवानगी लागेल का? ३७ (३) लागू असल्याचं मध्येमध्ये वाचायला मिळतं.

सी-७०३: क्लब हाउसमध्ये सभासदांची बैठक घ्यायला नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ (३) खालचा आदेश एका वेळी जास्तीत जास्त १५ दिवसांचा असतो. त्यात पाच किंवा जास्त लोकांच्या जमावावर बंदी असली तरी सहकारी संस्थांच्या नियमित बैठकांना बहुधा सूट लिहिलेली असते. ऐकीव माहितीवर बैठक रद्द करू नका, आदेश शेवटच्या परिच्छेदापर्यंत वाचा. सभा पदपथावर घ्यायची असेल तर मात्र पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. रस्त्यावरच्या सभांचं नियमन करता येतं, पण त्या सरसकट अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९७२ मध्ये अहमदाबादच्या खटल्यात सांगून ठेवलंय. ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर बंद.

ए-५०५: सभा घ्याच, पण नुसती सभा घेऊन हाती काही लागत नाही. "बघतो", "पाठपुरावा करतो" ही उत्तरं ठरलेली असतात. आधी कागद हातात हवेत, मग नगरसेवकही नेमकं बोलतो. पदपथाच्या कामाची फाइल पाहायला सोमवारी जाऊया. राज्य सरकारच्या २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. ही पद्धत मूळची पुण्याचीच आहे. ओळखपत्र न्या आणि कामाचं नाव फलकावरून जसंच्या तसं उतरवून न्या. "आमच्या गेटसमोरचं काम" म्हटलं तर फाइल सापडत नाही.

सचिव (ए-१०१): सोसायटीच्या लेटरहेडवर माहिती अधिकाराचा अर्जही देऊ का?

ए-५०५: लेटरहेडवर देऊ नका. माहितीचा हक्क कायद्याने नागरिकाला दिलाय, त्यामुळे संस्थेच्या नावाने दिलेला अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं. कुणातरी एकाच्या नावाने द्या. जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना), १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. हे शेवटचे दोन नियम महाराष्ट्राचे आहेत आणि अर्ज बहुतेक तिथेच अडकतात. माहिती का हवी ते लिहायची गरज नाही, विचारलं तरी सांगू नका. आणि "काम निकृष्ट का झालं?" असा प्रश्न लिहू नका. "का"चं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नसतो, असलेल्या कागदाची प्रत द्यायला बांधील असतो. मजकूर असा ठेवा:

"फलकावर नमूद कामाबाबत पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात: मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, निविदेतील बाबनिहाय दर, मोजमाप पुस्तकातील संबंधित पाने, साहित्य चाचणी अहवाल, दोषदायित्व कालावधी (ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) नमूद असलेले पान."

प्रतीला पानामागे २ रुपये. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत जोडपत्र 'ब'मध्ये पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. अर्ज चुकीच्या विभागात गेला तर त्यांनीच तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, म्हणून "आमच्याकडे येत नाही" ऐकून अर्ज परत घेऊ नका. पोचेवर शिक्का आणि तारीख बघूनच तिथून निघा.

बी-४०२: वरच्या यादीत सगळ्यात कामाचा कागद म्हणजे मोजमाप पुस्तक. बिल त्यावरूनच निघतं. दर ओळीत कामाची बाब, लांबी, रुंदी, खोली आणि गुणाकार असतो. आपला पदपथ गेटपासून कोपऱ्यापर्यंत १२० मीटर आणि रुंदी १.८ मीटर धरली तर २१६ चौरस मीटर होतात. पण त्यात ड्रेनेजचे चेंबर आणि झाडांचे आळे येतात. चेंबर ०.९ बाय ०.९ चे सहा म्हणजे ४.८६. आळी १.२ बाय १.२ ची दहा म्हणजे १४.४. वजा केल्यावर उरतात १९६.७४. पुस्तकात वजावटीची ओळच नसेल तर जवळजवळ ९ टक्के ब्लॉक न बसवता बिलात आले. अगदी लहान छिद्रांची वजावट करत नाहीत, ती अट निविदेत लिहिलेली असते. ती आधी वाचा, नाहीतर पहिल्याच प्रश्नाला अभियंता तुम्हाला गप्प करेल.

डी-२०४: काका, मोजायला वरून जमेल, पण खाली काय घातलंय ते कसं कळणार?

बी-४०२: म्हणूनच काम चालू असतानाच बघायचं. झाकल्यावर उरतो फक्त कागद. क्रम असा: खोदाई, तळाची दबाई, खडीचा किंवा काँक्रीटचा थर, त्यावर २० ते ४० मिलिमीटर वाळू, मग पदपथासाठी ६० मिलिमीटरचा ब्लॉक. शेवटी सांध्यांत बारीक वाळू भरून पुन्हा कंपन देऊन दबाई. पदपथ पावसाळ्यानंतर बसतो तो बहुतेक वेळा चेंबरच्या भोवती किंवा केबलसाठी खणलेल्या चरावर, कारण तिथली भर थराथराने दाबलेली नसते. दुसरी चूक म्हणजे जाड वाळू. तळ समतल करायचा कंटाळा आला की उंचसखलपणा वाळूने भरतात. वाळू ६०–७० मिलिमीटर झाली की वर्षभरात ब्लॉक डुलायला लागतो. तिसरी, कडेचा कर्ब (पदपथाच्या काठाचा उभा दगड) काँक्रीटमध्ये नीट बसवलेला नसला की ओळी बाहेर सरकतात आणि सांधे उघडे पडतात.

संध्याकाळी कामगार गेल्यावर ब्लॉकच्या उघड्या कडेला पट्टी लावून फोटो घ्या, पट्टीचे आकडे वाचता आले पाहिजेत. बसवलेला ब्लॉक स्वतः उपसू नका. नमुना हवाच असेल तर माहिती अधिकार कायद्यातच साहित्याचा प्रमाणित नमुना मागायची सोय आहे.

आणखी एक, यावर मी अडून बसणार. कर्बची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको आणि निवासी भागात मोकळी चालायची रुंदी किमान १.८ मीटर हवी, असं इंडियन रोड्स काँग्रेसची पदपथांची मार्गदर्शक पुस्तिका सांगते. डीपी म्हणजे विजेच्या पेट्या आणि विजेचे खांब सोडून १.८. आपल्या कोपऱ्यावर व्हीलचेअर वळली पाहिजे.

बी-६०१: काका, हे पटलं. यात कुठला पक्ष आला नाही.

ए-५०५: आता नगरसेवकांकडे काय मागायचं ते. माझं मत, क्षेत्र सभा मागा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या २९-अ मध्ये प्रभाग समिती आहे आणि त्यापुढच्या कलमांत क्षेत्र सभा. जवळजवळच्या काही मतदान केंद्रांचा एक गट, त्या याद्यांतला प्रत्येक मतदार सदस्य आणि अध्यक्ष नगरसेवक. कोणती कामं आधी व्हावीत याचा क्रम लावणं, दिवे, नळ, सार्वजनिक शौचालयं यांतली कमतरता नोंदवणं हे तिचं काम. गावाला ग्रामसभा आहे तशी शहराला ही. चार सदस्यांच्या प्रभागात कुठली केंद्रं कुणाकडे हे ठरलेलं नसलं की सभा होतच नाही, प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून पहिला प्रश्न हाच: चौघांत केंद्रांची वाटणी झाली आहे का, आणि पहिली क्षेत्र सभा कोणत्या तारखेला?

दुसरा प्रश्न प्रभाग समितीचा. तिच्यात नगरसेवकांबरोबर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमता येतात. अंदाजपत्रकात तरतूद असेल तर ५ लाखांपर्यंतच्या कामाला ही समिती स्वतः मंजुरी देऊ शकते. त्या जागा कुणाच्या सोयीने भरल्या जातात ते बघत बसण्यापेक्षा परिसरात खरंच काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थांची नावं आपण लेखी सुचवावीत.

सचिव (ए-१०१): आणि ते महापालिकेच्या वार्षिक अंदाजपत्रकासाठी नागरिकांनी कामं सुचवायचं?

ए-५०५: पुण्यात २००६ मध्ये सुरू झालं. अर्जाची मुदत बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात जाहीर होते, एका कामाला साधारण ५ लाखांची मर्यादा. सूचना बाद होतात त्या तीन कारणांनी: जागा खासगी असते, काम महावितरणसारख्या दुसऱ्या संस्थेच्या हद्दीत असतं, किंवा मजकूर "रस्ता सुधारावा" इतका मोघम असतो. "अमुक खांबापासून तमुक गेटपर्यंत ८० मीटर, बसथांब्याजवळ तीन बाक" असं लिहा आणि नकाशावर खूण करून जोडा. सोसायटीच्या गेटच्या आतलं काम कुणीही कितीही प्रेमाने देऊ केलं तरी सार्वजनिक पैशातून मागू नका.

डी-२०४: मी भाडेकरू आहे. सभेत मला बोलता येईल? निवडणुकीत नावच सापडलं नव्हतं.

सी-७०३: सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मत सभासदाचं, पण प्रभागाच्या विषयात तू पूर्ण नागरिक आहेस, जरूर बोल. नावाचं असं झालं असणार: जानेवारी २०२६ च्या मतदानासाठी १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांत विभागली गेली. प्रारूप प्रभाग यादीवरच्या हरकतीत चुकीचा प्रभाग किंवा गळलेलं नाव दुरुस्त होतं, नवीन नाव घालता येत नाही. म्हणजे काम आधीच करायचं. पत्ता बदलला असेल तर नमुना ८, पहिल्यांदा नाव घालायचं तर नमुना ६. नोंदणीकृत भाडेकरार पुरावा म्हणून चालतो, घरमालकाचं किंवा सोसायटीचं ना-हरकत पत्र लागत नाही. आता वर्षातून चार अर्हता दिनांक (ज्या तारखेला १८ वर्षं पूर्ण हवीत) असतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर.

बी-६०१: एक शंका. आधीची जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, तरी दिवे लागत होते, कचरा उचलला जात होता. मग एवढा खटाटोप कशाला?

सी-७०३: दादा, मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ प्रशासक होते. राज्यघटनेच्या २४३-यू कलमाप्रमाणे मुदत ५ वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक व्हायला हवी. इतर मागासवर्गीयांचं आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात ती रखडली, शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. त्या काळात अंदाजपत्रक प्रशासकाने मांडलं आणि प्रशासकानेच मंजूर केलं. कुठला पदपथ आधी, कुठल्या टाकीला पैसे, हे विचारायला निवडून दिलेलं माणूसच नव्हतं. दिवे लागतात ते कर्मचाऱ्यांमुळे, पण दिवा कुठे लागावा हे ठरवण्यात आपला शब्द हवा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

बी-६०१: ठीक आहे. ठरावाला माझं अनुमोदन घ्या. फक्त हार-शाल नको, भाषणंही नकोत. प्रत्येकाला पाच मिनिटं आणि बाकी वेळ प्रश्नांना.

सचिव (ए-१०१): मान्य. प्रश्न लेखी, चौघांना चार दिवस आधी पाठवतो. उत्तरं इतिवृत्तात त्यांच्या शब्दांत लिहू आणि सही घेऊ. सोमवारी फाइल बघायला कोण येणार?

बी-४०२: मी, ए-५०५ आणि डी-२०४. पावणेतीनला गेटवर. तिघांपेक्षा जास्त नको, टेबलापाशी गर्दी झाली की फाइल नीट बघता येत नाही. डी-२०४, तू वही घेऊन ये, पुस्तकातला पान क्रमांक आणि ओळ उतरवायची आहे. ३० मीटरचा फायबर टेप माझ्याकडे आहे. जाण्याआधी रविवारी सकाळी ७ ला रहदारी नसताना पदपथ मोजून घेऊ, दर १० मीटरला रुंदी, चेंबर आणि आळी वेगळी.

डी-२०४: येतो काका. खडूही आणतो, १०-१० मीटरच्या खुणा करायला.