मदत हवी आहे: रोमचे दोन कॉन्सुल आणि अडलेला खेळ

नववीच्या वर्गासाठी रोमन प्रजासत्ताकाचा खेळ बसवायचा आहे. दोन कॉन्सुल (निवडून आलेले सर्वोच्च अधिकारी), मुदत एक वर्ष, अधिकार समसमान. प्रत्येक हुकमाला दोघांची संमती हवी असा नियम ठेवलाय आणि तिथेच गाडी अडते. रोममध्ये यातून वाट कशी काढत? तास ४० मिनिटांचा आहे.

वाटाड्या:
नियमच उलटा झालाय. दोघांची संमती लागतच नसे. प्रत्येक कॉन्सुल एकट्याने हुकूम काढू शकायचा, जोडीदाराला फक्त तो अडवता यायचा. तो गप्प बसला की काम पुढे. तेव्हा संमती काढा, नकाराधिकार घाला. पण नकार स्वतः हजर राहून आणि काम पुरं व्हायच्या आत द्यायचा, ही अट सोडू नका. इ.स.पू. ५९ मध्ये सीझरचा जोडीदार कॉन्सुल बिबुलस घरात बसून अपशकुनांच्या घोषणा धाडत राहिला आणि सीझरने तिकडे कायदे मंजूर करून घेतले.

शहरातला कारभार महिन्याआड चाले. ज्याची पाळी, त्याच्यापुढे १२ लिक्टर (अधिकाऱ्याचे सेवक) दंडजुड्या, म्हणजे अधिकाराची खूण असलेल्या काठ्यांच्या मोळ्या, खांद्यावर घेऊन चालत. वर्गात एकच जुडी करा, दर ३ मिनिटांनी हात बदला. बारा महिने ३६ मिनिटांत बसतात, उरलेल्या चारात निवडणूक.

पानगळ:
लढाई ठेवणार असाल तर जपून. दोघांच्या फौजा एकत्र आल्या की सेनापतीपद दिवसाआड फिरे. कॅनीच्या लढाईत (इ.स.पू. २१६) रोमला हेच नडलं. सपाट मैदान शत्रू कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्या घोडदळाच्या सोयीचं म्हणून कॉन्सुल पॉलस लढाई टाळत होता. दुसरा कॉन्सुल वॅरो याची पाळी आली आणि त्याने फौज बाहेर काढली. म्हणून चिठ्ठ्या टाकून दोघांना वेगळे प्रांत द्या.

विजयाचे गुण कुणाला द्यायचे यासाठी मेटॉरसच्या लढाईचा (इ.स.पू. २०७) दाखला घ्या. लिवियस आणि नीरो (सम्राट नीरो नव्हे) हे दोघे कॉन्सुल लढले, पण प्रांत लिवियसचा आणि त्या दिवशीची पाळीही त्याचीच. विजययात्रेत तो चार घोड्यांच्या रथात, नीरो नुसता घोड्यावर.

धागाकर्ता:
नियम बदलतो. दोघेही हट्टाला पेटले तर?

वाटाड्या:
अडलेलं काम अडूनच राहू दे, खेळाचा गाभा तोच आहे. फारच मोठं संकट दाखवायचं असेल तर डिक्टेटर (संकटकाळापुरता एकहाती अधिकारी): जास्तीत जास्त ६ महिने, म्हणजे तुमची १८ मिनिटं. नेमायचा मात्र कॉन्सुलनेच. काळ कुठला ते आधी ठरवा; इ.स.पू. २०२ नंतर सेनापती सुल्ला डिक्टेटर होईपर्यंत, म्हणजे १२० वर्षं, कुणाला नेमलंच नव्हतं.