फळ्यावर कोणता ब्रेक लिहायचा?

सचिव : क्लबहाउसमध्ये स्नूकर टेबलाशेजारी फळा लावून झालाय. नाव आणि त्यापुढे आजवरचा सर्वांत मोठा ब्रेक, एवढंच लिहायचंय. संध्याकाळपर्यंत आकडे पाठवा.

बी-२०३ (धाकटा) : माझा ५४. व्हिडिओ टाकतोय.

सी-१०१ : अरे वा! आपल्या विश्रामबागेतला पोरगा ५४ मारतोय म्हणजे काय!

ए-५०२ : मनापासून अभिनंदन. व्हिडिओ पूर्ण बघितला. सहा ब्लॅक, शेवटी ब्लू. हात फार सुरेख चाललाय. एकच विचारतो, रेड सुरुवातीपासूनच सुटे दिसतायत. फ्रेम होती की सराव?

बी-२०३ (धाकटा) : सराव, काका. रेड हाताने पसरवले होते. पण एकही शॉट चुकला नाही, एकही बॉल उचलून परत ठेवला नाही.

ए-५०२ : मग माझ्या मते हा फळ्यावर नको.

बी-२०३ (धाकटा) : का पण? टेबल तेच, पॉकेट तेच, बॉल तेच. समोर कोणी बसलंय की नाही, हे ब्लॅकला काय कळतं?

सी-१०१ : त्याचं बरोबर आहे की. पोरगं रोज घासतंय. नाव लागलं तर हुरूप येईल.

बी-४०१ : मी खेळत नाही, पण वाचतेय. ब्रेक म्हणजे स्कोअरच ना?

ए-३०४ : नाही काकू. पूर्ण फ्रेमचे, म्हणजे एका डावाचे, गुण म्हणजे स्कोअर. ब्रेक म्हणजे एकाच पाळीत, न चुकता, सलग घेतलेले गुण. पांढऱ्या बॉलने (व्हाईट) रेड पॉकेटमध्ये घातला की १, मग एक कलर : यलो २, ग्रीन ३, ब्राउन ४, ब्लू ५, पिंक ६, ब्लॅक ७. कलर परत जागेवर, पुन्हा रेड. पंधरा रेड संपले की सहाही कलर क्रमाने. प्रत्येक रेडवर ब्लॅक घेतला तर १२० आणि शेवटचे २७, असे १४७. चुकलात की पाळी संपली, ब्रेक तिथेच थांबला. समोरच्याच्या फाउलचे गुण तुमच्या स्कोअरमध्ये येतात, ब्रेकमध्ये नाहीत.

बी-४०१ : कळलं. मग ५४ लहान नाही!

ए-५०२ : अजिबात लहान नाही, म्हणून तर सविस्तर लिहितोय. बाळा, ब्लॅकला कळत नाही हे खरं. पण रेड पसरवताना आपला हात नकळत सोप्या जागा निवडतो. तुझ्या व्हिडिओत एकही रेड कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेला, चिकटलेला नाही, ब्लॅकला दोन्ही कोपरे मोकळे आहेत, व्हाईटही तूच ठेवलीस. फ्रेममध्ये पहिला रेड मिळतो तो समोरच्याच्या चुकीतून, आणि तो आपल्या सोयीचा नसतो. रेडचा गुच्छ फोडायचा तर ब्लॅक किंवा ब्लू घालता घालता व्हाईट त्यात घुसवावी लागते. गुच्छ फुटतो, पण व्हाईट कधी दोन रेडच्या मध्ये जाऊन अडकते. तिथून पुढचा रेड शोधणं हेच ब्रेकमधलं खरं काम, आणि पसरलेल्या रेडवर नेमकं तेवढंच करावं लागत नाही. शिवाय खुर्ची. समोरचा दहा मिनिटं सेफ्टी, म्हणजे तुला सोपा शॉट मिळू नये असं, खेळतोय, तुझा हात गार पडलाय, त्यात पावसाळ्यात आपलं कापड दमट होऊन बॉल जड चालतायत, आणि अशात एक लांबचा रेड मिळतो. चुकला तर फ्रेम गेली. तिथून काढलेले ३० मला या ५४ पेक्षा मोठे वाटतात. ५४ तुझ्या हातात आहेत हे दिसलं. आता ते फ्रेममध्ये उतरू देत, फळ्यावर मी स्वतः लिहीन.

बी-२०३ (धाकटा) : काका, पटतंय थोडं. पण मग सरावाला काहीच किंमत नाही का?

ए-५०२ : आहे ना. वहीत लिही, तारीख घाल, शाबासकी घे. मोठे खेळाडूही तेच करतात. सरावात त्यांचे १४७ कितीतरी होत असतील, पण अधिकृत यादीत स्पर्धेतलेच धरतात. व्यावसायिक स्पर्धेत १४७ करणारा पहिला भारतीय म्हणून आपल्या आदित्य मेहताचं नाव लागलं, ते २०१४ मध्ये जर्मनीत पॉल हंटर क्लासिकमध्ये केलेल्या ब्रेकमुळे.

सी-१०१ : सर, पण नियमावर फार बोट ठेवलं की अन्यायही होतो. इंग्लंडच्या जो डेव्हिस या खेळाडूचं बघा. १९५५ मध्ये लंडनला लेस्टर स्क्वेअर हॉलमध्ये १४७ केला. खरा सामना, खरा प्रतिस्पर्धी. तरी तिथल्या संघटनेने मान्यता द्यायला १९५७ उजाडलं, कारण काय तर सामना संघटनेच्या नियमांनी झाला नव्हता.

ए-५०२ : मुद्दा मान्य. म्हणूनच आपले नियम कमी आणि आधीच ठरलेले असावेत. मला तीनच गोष्टी हव्यात : समोर कोणीतरी खेळतंय, फ्रेम रीतसर फोडून सुरू झालीय, आणि लागलेला प्रत्येक फाउल मोजलाय. फ्रेम जिंकली की हरली याच्याशी संबंध नाही.

ए-३०४ : फ्लूकचं काय? माझ्या २७ मधला दुसरा रेड मी कोपऱ्यात मारला आणि गेला मधल्या पॉकेटमध्ये. लिहू का नको?

ए-५०२ : बिनधास्त लिहा वहिनी. स्नूकरमध्ये पॉकेट सांगायचं बंधनच नाही. नशिबाने गेलेला रेड समोरच्यालाही मिळतोच की. फ्री बॉलचे, म्हणजे समोरच्याच्या फाउलनंतर आपली वाट अडली असताना हवा तो बॉल घ्यायची मुभा मिळते त्याचे, गुणही धरायचे.

सी-१०१ : आणि रविवारी वेळ नसतो म्हणून आपण सहा रेडवर खेळतो, त्यातले माझे ३३?

ए-५०२ : धरू, पण पुढे ‘६ रेड’ लिहा. तिथे सगळं मिळून ७५ च होतात आणि टेबल मोकळं असतं. पंधराच्या रांगेत बसवलं तर दोन्हींवर अन्याय.

बी-२०३ (धाकटा) : बाही लागली तर? रेफ्री तर नसतो आपल्याकडे.

ए-५०२ : फाउल, आणि तो ज्याचा त्याने सांगायचा. स्पायडर (क्यू टेकवायचा स्टँड) उचलताना पिंकला धक्का लागला तरी तेच. ३२ झाले होते आणि पुढच्या शॉटला बाही लागली, तर ब्रेक ३२. आधीचे गुण कोणी काढून घेत नाही. या बाबतीत मात्र मी जराही सूट देणार नाही. समोरच्याला दिसलं नसेल, पण ज्याची बाही त्याला कळलेलं असतं, आणि पुढे त्याच आकड्याकडे रोज बघायचंय.

ए-३०४ : १००% सहमत. समोरच्याने फ्रेम सोडून हात मिळवला आणि आपण उरलेले कलर घातले, तर?

ए-५०२ : हात मिळवला की फ्रेम संपली. समोरचा गुणांनी मागे पडलाय पण खुर्चीत बसून बघतोय, तर खुशाल पुढे मोजा.

सी-१०१ : मग खिडकीकडच्या मधल्या पॉकेटचंही बोला. त्याच्या तोंडाचं रबर इतकं बसलंय की अर्धवट मारलेला बॉलसुद्धा आत घेतो. १९७९ मध्ये जॉन स्पेन्सरने स्पर्धेत १४७ केला, तो पॉकेट मापात नव्हती म्हणून अधिकृत धरलाच नाही.

सचिव : हे चांगलं लक्षात आणून दिलंत. कारागीर बोलावून रबर बदलून घेतो. तोवरचे आकडे पेन्सिलीने लिहू का?

ए-५०२ : नको. ते पॉकेट सगळ्यांनाच सारखं आहे. तारखेसह लिहा, म्हणजे रबर बदलण्याआधीचा की नंतरचा ते कळेल.

डी-४०३ : डॉक्टर बोलतोय. उशिरा वाचलं, मिरजेला ओपीडीत होतो. मी रात्री उशिरा येतो, तेव्हा टेबलावर कोणीच नसतं. रीतसर गुच्छ फोडतो, दोन्ही बाजूंनी मीच खेळतो, चुकलो की दुसऱ्या बाजूची पाळी. फाउल सगळे मोजतो. त्यात ४१ झालेत. हे कशात बसतं?

ए-३०४ : डॉक्टर, हे मला सरावापेक्षा नक्कीच वरचं वाटतं.

ए-५०२ : मलाही. रेड पसरवलेले नाहीत, पाळी जातेय, सोयीची जागा मिळत नाहीये. फक्त खुर्चीत बसून वाट बघणं त्यात नाही, आणि सेफ्टी खेळताना पलीकडच्या बाजूचं मनही आपल्याला ठाऊक असतं. डॉक्टर, तुम्हीच ठरवा. तुम्ही म्हणाल ते मी मान्य करेन.

डी-४०३ : मग माझी जागा रिकामी ठेवा. ४१ माझ्या डायरीत राहू देत. मला समोर कोणी असताना करायचाय.

बी-२०३ (धाकटा) : माझीही रिकामी ठेवा. सचिव काका, ५४ लिहू नका.

सी-१०१ : डॉक्टर, मी बारापर्यंत जागाच असतो. आलात की फोन करा, खाली उतरतो.

सचिव : क्लबहाउस साडेदहाला बंद होतं, पण डॉक्टरांच्या फ्रेमपुरती चावी सी-१०१ कडे देतो. जाताना एसी आणि टेबलावरचे दिवे आठवणीने बंद करा, कापडावर कव्हर घाला. फळ्यावर आत्ता ए-३०४ यांचे २७ आणि सी-१०१ यांचे ३३ (६ रेड) लिहितोय. बाकीच्यांनी तारीख आणि समोर कोण होतं, तेवढं कळवा.