दादांच्या पेन्शनमधले वीस टक्के : घरच्या ग्रुपवरील चर्चा

मोठ्या वहिनी : सर्वांना नमस्कार. सकाळीच हा विषय काढते आहे, कारण रात्रभर मला झोप लागली नाही. काल ह्यांच्या पेन्शनचा आदेश 'स्पर्श'वर, म्हणजे सैनिकांच्या पेन्शनच्या सरकारी संकेतस्थळावर, उघडून पाहिला, तर विकलांगतेच्या ओळीत फक्त २० टक्के लिहिलेले आहेत. बापू भाऊजींनी मागच्या आठवड्यात जो मजकूर पाठवला होता, त्यात तीस टक्क्यांपासून पुढे पत्नी आणि मुलांसाठी वेगळी रक्कम मिळते असे स्पष्ट लिहिले होते. आम्हाला तशी एक पैही मिळालेली नाही. बावीस वर्षे तोफेजवळ उभ्या राहिलेल्या माणसाच्या वाट्याला एवढेच यायचे होते का?

बापूदादा : वहिनी, मी तो मजकूर पुन्हा पाठवतो. "माजी सैनिकांना विकलांगतेच्या टक्केवारीनुसार दरमहा भरपाई मिळते. टक्केवारी दहा-दहाच्या पायरीने वाढते. तीस टक्के किंवा अधिक असल्यास पत्नी, मुले व अवलंबून असलेल्या आईवडिलांसाठी वाढीव रक्कम मिळते. ही रक्कम करमुक्त असते." आपण अर्जच केला नाही, म्हणून आपल्याला मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आत्या : अर्ज करायला हवा होता हे सगळ्यांना आजच कसे सुचले? दादा घरी आला तेव्हा सत्कार करायला सगळे होतात, कागद वाचायला कोणीच नव्हते.

आप्पाकाका : सूनबाई, जरा धीराने घ्या. बापूने पाठवलेला मजकूर खोटा नाही, पण तो आपला नाही. ती अमेरिकेतील माजी सैनिकांची व्यवस्था आहे. तिथे शून्य ते शंभर अशी दहाच्या पटीत टक्केवारी ठरते, तीसपासून पुढे कुटुंबीयांसाठी वाढ मिळते आणि ती रक्कम करमुक्त असते. कोणीतरी मराठीत उतरवताना देशाचे नाव गाळले आणि तो मजकूर आपल्याकडे फिरू लागला. आपल्या सेनेत विकलांगता पेन्शनचे दोन भाग असतात, एक सेवा घटक आणि दुसरा विकलांगता घटक. पत्नी-मुलांची वेगळी रक्कम त्यात नसते. पत्नीसाठी कुटुंब पेन्शन आहे, पण ती पेन्शनधारकाच्या पश्चात.

बापूदादा : आप्पा, आपला मान ठेवून सांगतो, मजकुरात "माजी सैनिक" असे लिहिलेले आहे. देशाचा उल्लेख कुठेही नाही.

आप्पाकाका : उल्लेख नाही, हीच तर अडचण आहे, बापू. सूनबाई, दादाच्या निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाचा कागद घरी असेल. त्याचा फोटो टाका. पैशाचा आकडा मंडळाने टक्केवारीच्या आधी काय लिहिले आहे, त्यावर ठरतो.

मोठ्या वहिनी : फोटो टाकला आहे. दोन आजार लिहिलेले आहेत. पहिला उजव्या कानाचे ऐकणे कमी झाल्याचा, त्यापुढे "सेवेमुळे उद्भवलेला" आणि २० टक्के, आयुष्यभरासाठी. दुसरा रक्तदाबाचा, त्यापुढे ३० टक्के, पण "सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही". शेवटी दोन्ही मिळून ४० टक्के असे आहे. वीस आणि तीस मिळून चाळीस कसे होतात, हेही मला कळत नाही.

आप्पाकाका : ती साधी बेरीज नसते. पहिल्या आजारानंतर माणसाची जेवढी क्षमता उरली, तिच्यावर दुसऱ्याचा परिणाम मोजतात, म्हणून एकत्रित आकडा बेरजेपेक्षा कमी येतो. आता महत्त्वाचे वाचा. आजार सेवेमुळे उद्भवला किंवा सेवेमुळे बळावला, या दोन्हींपैकी एक तरी मान्य झाले पाहिजे आणि टक्केवारी किमान २० पाहिजे. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच विकलांगता घटक मिळतो. दादाचा कान दोन्हीत बसला. रक्तदाब पहिल्याच अटीत अडला, म्हणून त्याचे तीस टक्के कागदावर असूनही पैशात शून्य धरले गेले.

थोरल्या काकू : म्हणजे ह्यांच्या पायाचे जे झाले, तेच.

आत्या : वहिनी, तो विषय आज नको.

मोठ्या वहिनी : आप्पा, मग वीस टक्क्यांचे पैसे तरी बरोबर आहेत का?

आप्पाकाका : नाहीत, आणि तुमची खरी तक्रार तीच असायला हवी. हिशेब समजायला सोपा जावा म्हणून दादाचे शेवटचे वेतन, सैनिकी सेवा वेतन धरून, ४०,००० रुपये समजू. शंभर टक्के विकलांगतेला विकलांगता घटक या वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे १२,००० रुपये होतो, आणि कमी टक्केवारीला त्याच प्रमाणात कमी. वीस टक्क्यांना २,४०० रुपये होतात. परंतु टक्केवारी वर नेऊन पूर्ण करण्याचा नियम आहे. पन्नासपेक्षा कमी असेल तर ५०, पन्नास ते पंचाहत्तर असेल तर ७५ आणि त्याहून अधिक असेल तर १०० धरतात. हा लाभ सुरुवातीला फक्त आजारपणामुळे सेवेतून काढलेल्यांना मिळत होता. १० डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार यांच्या प्रकरणात तो मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही लागू असल्याचे सांगितले. त्यानुसार दादाच्या वीसचे पन्नास व्हायला हवेत. म्हणजे २,४०० च्या जागी ६,००० आणि त्यावर महागाई सवलत वेगळी.

भाऊजी : आप्पा, हे फार नेमके सांगितलेत. कराबाबत मात्र मला काळजी वाटते. बापूंच्या मजकुरातील "करमुक्त" हा शब्द आपल्याकडे सरसकट लागू करू नका. प्रत्यक्ष कर मंडळाच्या २४ जून २०१९ च्या परिपत्रकात करसवलत विकलांगतेमुळे सेवेतून काढलेल्यांपुरती असल्याचे म्हटले होते आणि नियत मुदतीने निवृत्त झालेल्यांना ती नाकारली होती. त्यावरून प्रकरण न्यायालयात गेले. विवरणपत्र भरण्यापूर्वी मला कागद दाखवा. घरचेच काम आहे, शुल्काचा प्रश्नच येत नाही.

बापूदादा : भाऊजी कराचे बोलत आहेत, आप्पा नियमाचे बोलत आहेत, पण मूळ मुद्दा राहूनच गेला. "तीस टक्के किंवा अधिक असल्यास पत्नी, मुले व अवलंबून असलेल्या आईवडिलांसाठी वाढीव रक्कम मिळते." आपण मागायला काय हरकत आहे?

मोठ्या वहिनी : बापू भाऊजी, कृपा करून तो मजकूर पुन्हा टाकू नका. त्याच्या भरवशावर मी मुलीला नवीन क्लास लावू असे सांगून बसले आहे. आता तिला काय सांगायचे, ते मला माहीत.

बापूदादा : मी चांगल्या हेतूनेच पाठवला होता, वहिनी. दादांसाठी काही करायला गेलो की या घरात नेहमी माझेच चुकते.

आत्या : दादा सीमेवर होता तेव्हा घर तूच सांभाळलेस, हे कोणी विसरलेले नाही. पण त्याचा हिशेब आज मांडू नकोस.

भाऊजी : विषय निघालाच आहे, तर मनातली एक शंका विचारतो, राग मानू नये. दादा धडधाकट दिसतात, मोटारसायकल चालवतात. अशा वेळी विकलांगता पेन्शन मागितली तर लोक काय म्हणतील, असा विचार त्यांच्या मनात येत असेल का?

मोठ्या वहिनी : लोकांना काय म्हणायचे ते म्हणू द्या. मी सांगते घरात काय होते. फोन आला की हे नेहमी डाव्या कानाला लावतात. जेवताना मी उजव्या बाजूला बसले, तर ताटातली भाजी संपली तरी मी "आणखी वाढू का" विचारलेले त्यांना कळत नाही, आणि मुलगी समोर येऊन ओठ हलवते तेव्हा ते हसून हात पुढे करतात. कुकरच्या शिट्ट्या मोजायचे काम त्यांनी आपणहून सोडले. मोटारसायकलवर मी मागे बसते ती हॉर्न ऐकून त्यांच्या उजव्या खांद्यावर थाप देण्यासाठी. हे दिसत नाही, म्हणून ते नाही असे होत नाही.

भाऊजी : माझे चुकले, वहिनी. मनापासून क्षमा मागतो.

आप्पाकाका : जावईबापूंनी विचारले ते बरे झाले, कारण ही शंका सैनिकाच्या मनातही असते, आणि निवृत्तीच्या वैद्यकीय तपासणीत "मला काही त्रास नाही" असे सांगून पुष्कळ जण स्वतःचेच नुकसान करून घेतात. ही मदत नाही, देणगी नाही. धडधाकट शरीर तपासून घेतले आणि उणे होऊन परत दिले, त्या उण्याचा हा मोबदला आहे. न्यायालयानेही २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात हेच सूत्र धरले. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस निरोगी आला होता असे मानायचे, आणि आजार सेवेमुळे झालेला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर टाकायची नाही. दादाचा रक्तदाबही या आधारावर लढता येईल.

मोठ्या वहिनी : मग रक्तदाबाचे अपील आधी करू या का? नाकारल्याचे पत्र २०२२ मध्येच आले होते. शेवटी सहा महिन्यांत पहिले अपील करता येईल असे लिहिले होते, हे मी आज वाचले. ते इंग्रजीत होते आणि कपाटात पडून राहिले.

आप्पाकाका : उशिराचे कारण देऊन दाद मागता येते, सशस्त्र सेना न्यायाधिकरणही सबळ कारण असेल तर विलंब माफ करू शकते. पण क्रम नीट समजून घ्या. रक्तदाब मान्य झाला तर एकत्रित ४० टक्के होतील आणि चाळीसचेही पन्नासच धरले जातील. फक्त कान धरला तरी वीसचे पन्नासच होणार आहेत. म्हणजे मोठी लढाई जिंकूनही आज हातात येणारी रक्कम तीच राहते. म्हणून आधी टक्केवारी पन्नास करून सुधारित आदेश काढण्याचा अर्ज रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, पाठवू. सोबत वैद्यकीय मंडळाचा कागद, सेवामुक्तीचे पुस्तक आणि सध्याचा पेन्शन आदेश जोडू. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज तपासून मिळतो. रक्तदाबाचे त्यानंतर पाहू.

बापूदादा : नवीन नियम आले आहेत असेही मी वाचले आहे. त्यांचा फटका बसणार नाही ना?

आप्पाकाका : हा प्रश्न अगदी योग्य विचारलास. २१ सप्टेंबर २०२३ पासूनचे नवीन नियम त्या तारखेपासून पुढे सेवेबाहेर पडणाऱ्यांसाठी आहेत. दादा २०२२ मध्ये आला, त्याला २००८ चे नियम लागू आहेत.

थोरल्या काकू : आप्पा भाऊजी, सगळ्यांना नियम समजावून सांगता, तेव्हा मला फार बरे वाटते आणि फार वाईटही वाटते. ह्यांच्या पायात एकाहत्तरची गोळी होती. मंडळाने १५ टक्के लिहिले आणि हाती काही आले नाही. तुम्ही तेव्हा सुटीवर घरी होतात. "वीसच्या आत आहे, सोडून द्या," असे तुम्ही म्हणालात. ह्यांनी सोडून दिले. पायऱ्या उतरताना ते शेवटपर्यंत कठड्याला धरून एकेक पाऊल जोडत उतरत होते, ते पंधरा टक्के होते का?

आत्या : वहिनी...

आप्पाकाका : बोलू द्या त्यांना. वहिनी, मी तसे म्हणालो होतो. तेव्हा मी नाईक होतो आणि मंडळाचा आकडा बदलता येतो, त्यावर अपील असते, हे मला माहीत नव्हते. माहीत करून घेता आले असते, तेही मी केले नाही. आज तुम्हाला आशा लावणे योग्य होणार नाही. सेवेबाहेर पडून पंधरा वर्षे उलटली आणि मुदत संपल्याने सरकारी कागद नष्ट झाले असतील, तर सिद्ध करण्याचा भार मागणाऱ्यावर येतो. त्यामुळे आपल्या हाती काय आहे, यावरच सर्व अवलंबून आहे.

थोरल्या काकू : ह्यांची काळी ट्रंक माळ्यावर आहे. त्यात लष्करी रुग्णालयाचे कागद असल्याचे आठवते.

दादा : मी सर्व वाचले. आप्पा, माझा अर्ज आपण म्हणाल तसा लिहू, मी सही करतो. बापू, तू मजकूर पाठवलास म्हणून तुझ्या वहिनीने आदेश उघडून पाहिला, नाहीतर तो आणखी दहा वर्षे तसाच राहिला असता. काकू, ट्रंक उतरवायला मी आणि बापू रविवारी येतो.

बापूदादा : येतो, दादा. शिडी मी आणतो.

आप्पाकाका : मीही येतो. वहिनी, तोपर्यंत ट्रंक उघडू नका. जुने कागद घडीवर फाटतात, आणि तारीख व शिक्का नेमका घडीवरच असतो.