वाजवणं सुटलं होतं, परत कुणी बसवलं? बेळगाव-निपाणी-खानापूरकडचे अनुभव

आपल्या भागात गाणारे-वाजवणारे घरोघर आहेत. त्यातल्या कितीतरी जणांची पेटी माळ्यावर गेली, तबला कापडात बांधून पडला. पोट भरेना, घरात कुरबुर झाली, नाहीतर नुसता कंटाळा आला. अशात ध्यानीमनी नसताना कुणी परत वाजवायला बसवलं असेल, तर लिहा. मोठ्या मैफिलींचे किस्से नकोत, घरातले-गल्लीतले हवेत. मधे कानडी आलं तरी चालतंय, आपण बोलतो तसंच.

शहापूरचा पेटीवाला

मी साथीला पेटी वाजवायचो. नाट्यगीतांचे कार्यक्रम, लग्नातली गाणी, थोड्या शिकवण्या. मग लग्नात कीबोर्डवाला आला. त्याच्याकडे ठेका पण तयारच, म्हणजे तबलजीचे पैसे वाचले. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये उरलंसुरलं पण बंद. मेव्हण्याच्या साडीच्या दुकानात बसायला लागलो. पेटीला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं.

त्याच सुमाराला सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. मूळच्या गोकाककडच्या, घरात कानडीच जास्त. आल्या आल्या गल्लीतल्या बायकांच्या एकादशीच्या भजनात जाऊन बसल्या. तिथं टाळ होते, ढोलकी होती, पेटीवाली बाई मुलाकडे पुण्याला गेलेली. मला म्हणाल्या, "जावईबापू, नुसता सूर धरा की वो. काय बिघडतंय तुमचं?"

सासूला नाही कसं म्हणणार? गेलो. पहिल्याच अभंगाला घाम फुटला. माझी बोटं पुरुषांच्या काळी एक-काळी दोन पट्टीला बसलेली, ह्या बायका काळी चारला, आणि माझ्या पेटीला स्केल चेंजर (पट्टी सरकवायची सोय) नाही. त्यात एक आज्जी मधेच पुरंदरदासांचं कानडी पद धरायची, आणि तीच चाल पुढं तुकोबाच्या अभंगाला. कुठून कुठं वळणार ते आधी सांगायची पद्धतच नाही. साथ मागं पडली तर थांबत नाहीत, टाळ वाढवतात!

घरी येऊन काळी चारचे अलंकार घासायला बसलो. रियाज असा कित्येक वर्षांत झाला नव्हता. गिऱ्हाइकाचा फोन आला तेव्हा बायको म्हणाली, "विकायची तर आधी आईला विचारा." कोण विचारणार?

बिदागी म्हणाल तर नारळ आणि केळी. पण त्यातल्याच काही जणींची नातवंडं शिकायला यायला लागली. दुकान उघडायच्या आधी क्लास असतो आता. दुकान सोडलेलं नाही, तेही सांगतो.

निपाणी

बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचो. डॉल्बी आला आणि बँड बसला. तंबाखूच्या वखारीत हमाली धरली. थोरल्या भावाच्या पोरानं हलगीच्या पथकात ओढून नेलं. सगळी पोरं माझ्या लेकाच्या वयाची. त्यांना जुन्या चाली येत नाहीत, मला त्यांचा ठेका पटत नाही. दर जत्रेला भांडतो आणि वाजवतो.

सुळेभावीकडची

कुमार गंधर्व आमच्या सुळेभावीचे. 8 एप्रिल 1924 चा जन्म, मूळ नाव शिवपुत्र कोमकळी. क्षय झाल्यावर देवासला गेले, काही वर्षं गाणं बंद. तेव्हा नवंच आलेलं स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, बायको भानुमतीबाईंनी शुश्रूषा केली, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातली लोकगीतं कानावर पडली. ती पुढं त्यांच्या रागांमधून निघाली.

माझ्या स्वरतंतूंवर गाठी आल्या तेव्हा भेटेल तो हेच उदाहरण द्यायचा. खरं सांगू, राग यायचा. त्यांच्यामागं गुरू देवधर मास्तरांची तालीम होती, माझ्यामागं तालुक्याच्या स्पर्धेतली बक्षिसं. डॉक्टरांनी मौन सांगितलेलं, म्हणून मी वहीतून बोलायची. आत्याला वाचता येत नाही. मी काय लिहिते ते तिला कळेना, तर तीच बोलत सुटायची, आणि बोलायचं संपलं की ओव्या. अर्धी ओवी मराठी, अर्धी कानडी. मी वहीत उतरवून घेत गेले. आवाज आला तेव्हा पहिल्यांदा त्याच म्हटल्या, कारण त्यांना वरचा सा लागतच नाही. तारसप्तक अजून पहिल्यासारखं नाही. आत्या म्हणते, "कशाला पाहिजे वर जायला? खाली काय कमी जागा हाय?"

खानापूरचा पखवाजी

वरचं सगळं वाचून बरं वाटलं, पण हिशेब पण लिहा की. गाणं परत लागतं, हप्ते तसेच राहतात. मी गोव्यात गाडी चालवतो. पखवाजाची पुडी (तोंडावरचं कातडं) फाटली ती तशीच होती, कारण घरात आधी शाळेची फी. दिंडीतल्या लोकांनी न विचारता वर्गणी काढून पुडी चढवून आणली. त्यात एकाशी आमची बांधावरून बोलाचाली बंद होती. अजून बंदच आहे, पण कणिक तोच मळून देतो, पखवाजाच्या डाव्या तोंडाला आवाजासाठी नेमकी लागेल तेवढी.

एक काम आहे. आषाढीला पंढरपूरपर्यंत मला एकट्याला वाजवणं होत नाही, दुसरा हात लागतो. खानापूर-नंदगडकडचा कुणी घरात बसला असेल तर कळवा. पखवाज आपला आणावा, कणिक आमची.