स्वमग्न मुलाचे डायपर सोडवणे आणि इतर मुलांत मिसळणे : आधी काय शिकवावे?

प्रश्न

माझा मुलगा साडेचार वर्षांचा असून त्याला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झालेले आहे. तो मोजके शब्द बोलतो. काही हवे असल्यास हात धरून त्या वस्तूपाशी नेतो. ठरावीक वेळी नेले तर शू कधीकधी कमोडमध्ये होते, शी मात्र तो फक्त डायपरमध्ये आणि तीही पडद्यामागे उभा राहूनच करतो. कमोडवर बसवले की अंग ताठ करतो, फ्लशच्या आवाजाने कान झाकतो आणि कधीकधी शी दोन-तीन दिवस रोखून धरतो. दुसरीकडे, इतर मुले जवळ आली की तो खेळणे उचलून दूर जातो. आधी डायपर सोडवावा आणि मग मुलांत मिसळायला शिकवावे, की दोन्ही बरोबरीने चालवावे? कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : विशेष शिक्षिका

ताई, आपण लिहिलेल्या पडद्याच्या तपशिलाकडे मी आधी लक्ष वेधू इच्छिते. पडद्यामागे जाणाऱ्या मुलाला शी येत असल्याची जाणीव होते, ती थोडा वेळ थोपवता येते आणि या कामाला आडोसा लागतो हेही त्याला उमगलेले असते. अनेक स्वमग्न मुलांना शरीराच्या आतून येणाऱ्या संवेदना अस्पष्ट जाणवतात आणि त्यांच्या बाबतीत ती ओळख करून देण्यातच बराच काळ जातो. आपला मुलगा त्या टप्प्याच्या पुढे आहे. बदलायची आहे ती जागा, आणि तीही एकदम नव्हे.

प्रथम डायपर घालूनच त्याला शौचालयात उभे राहून शी करू द्यावी आणि शक्य असेल तर तोच पडदा तेथे लावावा. हे अंगवळणी पडले की डायपरसह बंद झाकणावर बसणे, मग झाकण उघडून बसणे आणि त्यानंतर डायपरला मध्यभागी भोक पाडून बसणे, असा क्रम ठेवावा; भोकामुळे मल खाली पडतो, पण ओळखीचा स्पर्श अंगाला राहतो. पुढची पायरी केव्हा घ्यायची हे दिनदर्शिकेवरून नव्हे, तर मूल किती निवांत आहे यावरून ठरवावे. फ्लशचा धडा पूर्णपणे वेगळा ठेवावा : सुरुवातीला तो बाहेर गेल्यावरच फ्लश करावा, नंतर तो दाराशी उभा असताना, आणि शेवटी बटण त्याच्या हाती द्यावे, कारण आवाज केव्हा होणार हे स्वतःच्या ताब्यात आले की भीती पुष्कळ कमी होते.

झटपट प्रशिक्षणाच्या ज्या पद्धती सांगितल्या जातात, त्यांतील बऱ्याच पद्धतींचे मूळ नेथन अझ्रिन आणि रिचर्ड फॉक्स यांनी 1971 साली मांडलेल्या पद्धतीत आहे. ती संस्थांमध्ये राहणाऱ्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी तयार झाली होती. भरपूर पेये देणे, वारंवार बसवणे आणि यश मिळताच लगेच बक्षीस देणे हा तिच्यातील भाग आजही उपयोगी आहे. चड्डी ओली झाल्यावर रागावणे किंवा शिक्षा म्हणून साफसफाई करायला लावणे मात्र कटाक्षाने टाळावे. घाबरलेले मूल शी रोखून धरायला शिकते, आणि आपल्याला नेमके तेच नको आहे.

'शू लागली का?' असे सतत विचारू नये. मूल त्या प्रश्नाचीच वाट पाहू लागते आणि स्वतःहून निघत नाही. त्याऐवजी कमोडचे चित्र असलेले कार्ड त्याच्या हाताशी ठेवावे. अँडी बॉंडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी 1985 साली विकसित केलेल्या 'पेक्स' या चित्रविनिमय पद्धतीची पहिली पायरी येथे फार कामी येते : एक मोठी व्यक्ती समोर हात पुढे करून बसते, दुसरी मागून, काहीही न बोलता, मुलाच्या हाताने ते कार्ड समोरच्या हातात देते, आणि कार्ड मिळताच त्याला शौचालयात नेले जाते. मागची मदत हळूहळू काढून घ्यावी. आज तो आपला हात धरून नेतो, त्या जागी उद्या कार्ड देईल, आणि एखाद्या माणसाकडे जाऊन काही मागणे हे मुळात सामाजिक कौशल्यच आहे. म्हणून आपल्या प्रश्नातील दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत.

उत्तर : बालरोगतज्ज्ञ

वरील सर्व सुरू करण्यापूर्वी बद्धकोष्ठता तपासून घ्यावी. दोन-तीन दिवस रोखलेला मल कडक होतो, तो बाहेर पडताना दुखते आणि दुखण्याच्या आठवणीने मूल आणखी रोखते. कधीकधी साचलेल्या मलाच्या कडेने पातळ मल झिरपून चड्डीला लागतो आणि पालकांना ते जुलाब वाटतात. मल मऊ करणारे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे आणि थोडा आराम पडताच बंद करू नये. अनेकदा ते काही महिने चालू ठेवावे लागते. जेवणानंतर आतड्याची हालचाल स्वाभाविकपणे वाढते, त्यामुळे बसवण्यासाठी ती वेळ उत्तम. पाय लोंबकळू न देता पायाखाली स्टूल ठेवावे, गुडघे कमरेपेक्षा किंचित वर असावेत, आणि पाच मिनिटांहून अधिक बसवून ठेवू नये. रात्रीच्या डायपरचा विचार सध्या करू नये.

प्रश्नकर्ती

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. तपासणीची वेळ घेते. इतर मुलांविषयीही कोणी सांगू शकेल का?

उत्तर : एका मोठ्या स्वमग्न मुलीचे वडील

खेळणे घेऊन दूर जाणे हा नकारच आहे असे समजू नये; पुष्कळदा मुलाला आपले खेळणे जाईल अशी धास्ती असते. एकाच प्रकारच्या खेळण्यांचे दोन संच आणून एका शांत मुलाला थोड्या अंतरावर बसवावे आणि कोणी कोणाशी बोललेच पाहिजे असा आग्रह धरू नये. शेजारी बसणे सुसह्य झाले की चेंडू घरंगळवण्यासारखा, पाळी चटकन परत येणारा खेळ घ्यावा. डोळ्यांत पाहण्याची सक्ती तर मुळीच नको. शिकवण्याचा अर्धा भाग दुसऱ्या मुलासाठी असतो : त्याने थोडे थांबावे, कमी शब्दांत बोलावे, अचानक स्पर्श करू नये. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या अभ्यासकांनी 2012 साली हेच मांडले होते, की न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंनी असते. सगळा बदल एकट्या स्वमग्न मुलाकडून मागणे मला अन्यायाचे वाटते.

शौचालयाचे सामाजिक नियम मात्र पहिल्या दिवसापासून शिकवावेत, कारण पक्की झालेली सवय मोडणे आपल्या मुलांना फार जड जाते. चड्डी दार लावल्यावरच काढायची आणि घालूनच बाहेर यायचे. मदत कोणी करायची ती माणसे ठरलेली असावीत, आणि इतर कोणी हात लावू पाहिल्यास 'नको' म्हणण्यासाठी त्याच्याजवळ शब्द किंवा कार्ड असावे. घरातही त्याच्या त्या 'नको'ला मान द्यावा, एरवी तो शब्द त्याच्या लेखी निरुपयोगी ठरतो. तो शाळेत जाऊ लागला की वापरात असलेला शब्द, तेच कार्ड आणि पायऱ्यांचा क्रम एका कागदावर लिहून शिक्षिकांना द्यावा, आणि पहिल्या काही दिवसांत तेथील शौचालय रिकामे असताना त्याला ते नुसते पाहू द्यावे.